योसेमिटीचे धबधबे बघायचेत? मग ढग नाही, ऊन बघून जा

आईबाबा पहिल्यांदा कॅलिफोर्नियात आले ते ऑगस्टमध्ये. मी मोठ्या कौतुकाने त्यांना योसेमिटी नॅशनल पार्कला घेऊन गेले, बे एरियातून चार तास ड्राइव्ह, वाटेत धबधब्याचं वर्णन करून करून माझं तोंड दुखलं, आणि दरीत शिरल्यावर बाबांनी काच खाली करून विचारलं, "कुठाय गं तुझा धबधबा?" मी बोट दाखवलं तिथे कड्यावर एक काळपट पट्टा होता. बस. खाली नुसते दगडगोटे आणि त्यावर पोरं उड्या मारत होती. आई म्हणाली "असू दे, डोंगर छान आहेत", आणि आईचं 'असू दे' म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहितीये.

चूक माझीच होती आणि अगदी आपली मराठी चूक होती. ऑगस्ट म्हणजे श्रावण, श्रावण म्हणजे धबधबे, हे लहानपणापासून डोक्यात इतकं पक्कं बसलंय ना, माळशेज काय ठोसेघर काय आंबोली काय, पाऊस पडला की धबधबा सुरू, सरळ हिशोब. योसेमिटीत हा हिशोब उलटा आहे. इथे उन्हाळ्यात पाऊस जवळपास नसतोच, जे काही पडायचं ते हिवाळ्यात पडतं आणि वर सिएरा नेवाडाच्या डोंगरांवर बर्फ होऊन बसतं, मग मार्चपासून ऊन चढायला लागलं की ते सुटायला लागतं. म्हणजे इथला धबधबा ढग नाही, सूर्य सोडतो. हे एकदा डोक्यात शिरलं की महिना कुठला, दिवस कुठला, दिवसातली वेळ कुठली, पाण्याजवळ किती जायचं, सगळं आपोआप सुटत जातं. त्यानंतर मी बऱ्याच वेळा वसंतात जाऊन आले, त्यातून जे कळलं ते लिहितेय, आणि ज्यांच्याकडे भारतातून आईबाबा किंवा सासूसासरे येणारेत त्यांनी विमानाची तिकिटं काढायच्या आधी वाचा.

कुठला महिना

सरळ उत्तर हवं असेल तर मे. त्यातही पहिले तीन आठवडे. मेचा शेवटचा वीकेंड मेमोरियल डेच्या सुट्टीचा, तेव्हा अख्खं कॅलिफोर्निया तिथे आलेलं असतं, पार्किंगसाठी गोल गोल फिरण्यातच दिवस जातो, तो टाळा.

पण सगळे धबधबे एकाच वेळी भरात नसतात आणि याची गंमत आहे. योसेमिटी फॉल म्हणजे तो फोटोतला, एकूण ७३९ मीटर, तीन टप्प्यांत पडतो (आपला दूधसागर ३१० मीटर आहे, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त). पण त्याच्या मागे वर जो प्रदेश आहे तो बराचसा उघडा ग्रॅनाइटचा, पाणी मुरून धरून ठेवेल अशी माती तिथे फार नाही, त्यामुळे बर्फ संपला की याचा खेळ संपला, ऑगस्टपर्यंत बहुतेक वेळा कोरडा. रिबन फॉल आणि सेंटिनेल फॉल तर त्याहून लहरी, साधारण मार्च ते जून एवढाच त्यांचा संसार, आणि रिबन फॉल एका सलग उडीत ४९१ मीटर पडतो पण पाट्या आणि गर्दी दोन्ही दुसरीकडे असल्यामुळे लोक त्याच्या समोरून गाडी हाकत जातात, मान वर करत नाहीत. एल कॅपिटन नावाच्या प्रचंड कड्याच्या पश्चिमेला, म्हणजे दरीत शिरताना डाव्या हाताला, जरूर बघा. ब्रायडलव्हेल, व्हर्नल आणि नेवाडा हे तिघे मात्र बारमाही आहेत. व्हर्नल आणि नेवाडा खुद्द मर्सेड नदीवर आहेत आणि ती येते खूप उंचावरून, तिथला बर्फ उशिरा वितळतो, म्हणून जूनमध्येही हे दोघं जोरात असतात.

मार्च-एप्रिलची वेगळी मजा आहे. धबधबा अजून अर्धाच असतो पण अपर योसेमिटी फॉलच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या टप्प्याच्या, पायथ्याशी बर्फाचा एक प्रचंड शंकू साठलेला असतो, हिवाळाभर तुषार गोठून गोठून झालेला, आणि थंड निरभ्र रात्रीनंतर पहाटे योसेमिटी क्रीकमध्ये कधीकधी फ्रेझिल आइस वाहताना दिसतं. हे काय असतं तर धबधब्याचे तुषार हवेतच गोठतात आणि खाली ओढ्यात त्याचा लगदा होऊन सरकत जातो, अगदी गोळेवाल्याच्या किसलेल्या बर्फासारखा, फक्त ओढाभर. मी एकदाच बघितलंय, पाच मिनिटं काहीच कळलं नाही की हे पाणी आहे का बर्फ. याच दिवसांत खाली मर्सेड नदीच्या घळीत, एल पोर्टलच्या बाजूला, रेडबडची गुलाबी-जांभळी झुडपं फुललेली असतात आणि डोंगरउतारावर नारिंगी पॉपी. डॉगवुडची पांढरी फुलं मात्र दरीत एप्रिलच्या शेवटी आणि मेमध्ये.

या वर्षी बर्फ किती आहे हे कसं कळणार? कॅलिफोर्नियात दरवर्षी १ एप्रिलच्या आसपास बर्फ मोजतात, कारण साधारण तेव्हा साठा सगळ्यात जास्त असतो, आणि तो आकडा पेपरात टीव्हीवर सगळीकडे येतो कारण राज्याच्या पाण्याचं वर्षाचं गणित त्यावर असतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या नळाला येणारं पाणीसुद्धा बरंचसं याच पार्कातल्या हेच हेची धरणातलं, म्हणजे वितळलेला बर्फच, आपण चहाला ठेवतो तो. तर तो आकडा सरासरीच्या किती टक्के आहे ते बघा. २०१५ मध्ये तो फक्त ५ टक्के होता, असल्या वर्षी मेची वाट बघत बसलात तर फसाल, एप्रिलमध्येच जाऊन या. २०२३ मध्ये २३७ टक्के होता, त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी पूर येईल म्हणून दरीचा बराच भाग काही दिवस बंद ठेवला होता आणि वरचा टायोगा रोड उघडला तो थेट २२ जुलैला. म्हणजे चांगलं वर्ष असलं की जुलैतसुद्धा जमतं. आणि निघायच्या आदल्या दिवशी योसेमिटी फॉलचा वेबकॅम बघा, फुकट आहे, त्यात जे दिसतंय तेच तिथे आहे, याच्या पुढे कुठल्याही ट्रॅव्हल व्हिडिओवर विश्वास ठेवायची गरज नाही.

दिवस आणि वेळ

हा माझा आवडता भाग आहे कारण हे कोणीच सांगत नाही.

पावसाचा धबधबा ढग येईल तसा वाढतो, त्याला घड्याळ नसतं. बर्फाच्या पाण्याला असतं. वर डोंगरात दुपारी ऊन लागतं, बर्फ वितळतो, ते पाणी आधी बर्फाच्या थरातून झिरपत खाली येणार, मग छोटे ओहोळ, मग ओढे, मग नदी, याला काही तास लागतात. त्यामुळे दरीच्या वरच्या टोकाला हॅपी आइल्सपाशी मर्सेड नदी सगळ्यात जास्त फुगते ती मध्यरात्रीच्या सुमारास, आणि सगळ्यात कमी पाणी असतं दुपारी, जेव्हा आपण सगळे तिथे सँडविच खात बसलेलो असतो. म्हणजे तुम्ही सकाळी दहाला येऊन चारला परत निघालात तर रोजचा सगळ्यात चांगला खेळ बघायच्या आधीच निघालात. म्हणून शक्य असेल तर एक रात्र दरीतच राहा. करी व्हिलेजच्या तंबूत आम्ही राहिलो होतो, तंबू काही खास नाही, थंडी वाजते आणि शेजारच्यांचं घोरणं ऐकू येतं, पण रात्री अकराला बाहेर आले आणि काळ्याकुट्ट दरीत सगळीकडून पाण्याचा आवाज, दिवसा माणसांच्या आणि गाड्यांच्या आवाजात तो दबलेला असतो. आई म्हणाली गिरणी चालू आहे असं वाटतंय.

त्यामुळे माझा क्रम असा असतो की सकाळी लांबचं चालणं, आणि धबधब्याच्या पायथ्याशी जायचं ते संध्याकाळी. लोअर योसेमिटी फॉलच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या टप्प्याच्या, पुलावर सकाळी नऊला नुसती ओलसर हवा असते, मेमध्ये संध्याकाळी सातला त्याच पुलावर अंघोळ होते.

दुसरं म्हणजे कुठल्या दिवशी. हवामान बघताना दरीचं तापमान एवढंच बघू नका. तीन-चार दिवस सलग कडक ऊन आणि वर डोंगरात रात्रीसुद्धा फार थंडी नाही असं असेल तर धबधबे चवताळतात. उलट थंडीची लाट आली आणि रात्री सगळं गोठलं की दुसऱ्या दिवशी ऊन असूनही पाणी कमी, कारण उन्हाची सुरुवातीची उष्णता त्या गोठलेल्या थराला परत शून्य अंशाला आणण्यातच जाते, तो सगळा थर तयार झाला की मग पाणी सुटतं. जुना मळका बर्फ नव्या पांढऱ्याशुभ्र बर्फापेक्षा जास्त ऊन खातो, म्हणून मेमध्ये ताजा बर्फ पडला तर एक-दोन दिवस पाणी मंदावतं. हे सगळं पाठ करायची गरज नाही हो, पण वीकेंड निवडायला दोन पर्याय असतील तर गरम आठवड्याच्या शेवटचा घ्या. आणि नदी खूप चढणार असेल तर पोहोनो ब्रिजपाशी पाण्याची उंची मोजतात, तिचा अंदाज ऑनलाइन मिळतो, १० फूट म्हणजे पुराची पातळी, तिथपर्यंत अंदाज जात असेल तर बेत पुढे ढकला.

कसं जायचं

मार्च-एप्रिलमध्ये हायवे १४० धरा, मर्सेड गावावरून. लांब वाटतो पण तो सगळ्यात कमी उंचीवरून जातो, बर्फाची भानगड कमी, आणि नदीच्या कडेकडेने जातो म्हणून पाणी किती आहे ते तासभर आधीच कळायला लागतं. हायवे १२० वरून गेलात तर वाटेत १८०० मीटरच्या वर चढावं लागतं आणि तिथे एप्रिलमध्येही बर्फ पडून टायरला चेन लावणं बंधनकारक होऊ शकतं. चेन गाडीत असलेली बरी, बसवायची कशी ते घरच्या ड्राइव्हवेत एकदा करून बघा, आम्ही ते रस्त्याच्या कडेला गारांच्या पावसात शिकलो आणि त्या दिवशी आमच्यात झालेला संवाद इथे लिहिण्यासारखा नाही. गाडी नसेल तर मर्सेडवरून यार्ट्सची बस थेट दरीत जाते.

पेट्रोल आधी भरा, दरीत पंप नाही. मोबाइलला रेंज मिळेल न मिळेल, नकाशे डाउनलोड करून ठेवा. वीकेंडला सकाळी आठच्या आत दरीत पोचा, गाडी एकदा लावली की दिवसभर हलवू नका, फुकट शटल आहे. प्रवेश गाडीमागे ३५ डॉलर, पण २०२६ पासून अमेरिकेबाहेरून आलेल्या पाहुण्यांना या पार्कात वेगळी जास्तीची फी आहे, प्रत्येकी १०० डॉलर, त्यामुळे आईबाबांचा खर्च धरताना हे धरा, आणि आधी रिझर्वेशन लागतं का हे दरवर्षी बदलतं, नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर निघायच्या आधी बघून घ्या. अपर पाइन्सची कॅम्पसाइट हवी असेल तर पाच महिने आधी १५ तारखेला सकाळी ७ वाजता बुकिंग उघडतं आणि आपल्या तत्काळ तिकिटासारखं क्षणात संपतं, अंगठा तयार ठेवा.

काय काय बघायचं

टनेल व्ह्यूला सगळे थांबतात, तुम्हीही थांबा, एल कॅपिटन, हाफ डोम आणि ब्रायडलव्हेल एका नजरेत. तिथे एक गोष्ट नीट बघा. ब्रायडलव्हेल जिथून खाली पडतो ती स्वतः एक छोटी दरी आहे, अर्ध्या उंचीवर अचानक तुटलेली. मोठ्या हिमनदीने मुख्य दरी खोल खरवडून नेली, बाजूच्या छोट्या दरीला तेवढं खोल जाता आलं नाही, ती वर टांगलेली राहिली. म्हणून इथे एवढे सरळसोट धबधबे आहेत. आपल्या सह्याद्रीत लाव्ह्याचे थरावर थर आहेत म्हणून पाणी पायऱ्या पायऱ्यांनी उतरतं, इथे एकदम कडेलोट.

ब्रायडलव्हेल दुपारी उशिरा बघा, चारनंतर. ऊन पश्चिमेकडून येतं आणि तुषारांत इंद्रधनुष्य पडतं. नियम सोपा आहे, सूर्य पाठीमागे आणि पाणी समोर. इथे वारा सुटला की अख्खा धबधबा बाजूला उडतो, इथल्या मूळ अहवाहनीची लोकांत याला पोहोनो म्हणतात, आणि ते नाव वाऱ्याशी जोडलेलं आहे. ब्रायडलव्हेल म्हणजे नववधूचा बुरखा, त्यापेक्षा मला ते नाव जास्त पटतं.

गुडघे दुखणाऱ्या मंडळींसाठी लोअर योसेमिटी फॉल आणि समोरचं कुक्स मेडो. दीड-दोन किलोमीटरचा जवळपास सपाट रस्ता, शटलचा स्टॉप ६. मेमध्ये कुरणात पाणी साचून तळं झालेलं असतं आणि त्यात धबधबा उलटा दिसतो, फळ्यांच्या वाटेवरून चालत जा, गवतात उतरू नका. मिरर लेकसुद्धा वसंतातच लेक असतो, नंतर वाळू.

आणि मग मिस्ट ट्रेल. जमत असेल तर हे सोडू नका, बाकी सगळं सोडा. हॅपी आइल्सवरून (शटल स्टॉप १६) सुरुवात, व्हर्नल फॉलच्या पुलापर्यंत सव्वा किलोमीटरच्या आसपास, चढ आहे पण डांबरी. माझ्या आईने, वय ६४ आणि पायात नवे बूट, वाटेत चार वेळा बसत तिथपर्यंत केलं, आणि पुलावरून धबधबा समोर दिसतो, तिथे बाथरूमही आहे, म्हणजे तिथून परत फिरलात तरी पैसे वसूल. पुढे खऱ्या पायऱ्या लागतात, ग्रॅनाइटमध्ये, सहाशेहून जास्त. पर्वती सहा वेळा चढल्यासारखं, फक्त ओल्या, उंच-सखल पायऱ्यांवरून आणि शेजारी ९७ मीटरचा धबधबा अंगावर फवारे मारतोय. मेमध्ये इथे पाऊस आणि धबधबा यात फरक राहत नाही. स्वस्तातला प्लास्टिकचा पोंचो पहिल्याच वाऱ्यात डोक्यावर उलटा होतो, रेन जॅकेट घ्या. जीन्स अजिबात नको, भिजली की वाळतच नाही आणि पाय गारठतात. कोरडे मोजे पिशवीत, मोबाइल झिपवाल्या पिशवीत, बूट पकड असलेले. थंडीत हा भाग बर्फामुळे बंद असतो, मार्चमध्ये जात असाल तर उघडा आहे का ते विचारून घ्या.

एक युक्ती: चढताना मिस्ट ट्रेल आणि उतरताना जॉन म्युर ट्रेल. ओल्या पायऱ्या चढायला ठीक, उतरायला बेकार, वर येणारी गर्दी अंगावर येते आणि पाय सटकतो. व्हर्नलच्या माथ्यावरून थोडं वर क्लार्क पॉइंटला चढलात की कोरडी वाट लागते आणि तिथून १८१ मीटरचा नेवाडा फॉल समोर दिसतो. लांब पडतं, चालेल. मी पहिल्यांदा आळस केला आणि त्याच पायऱ्यांनी उतरले, दोनदा बसून घसरले, तेव्हापासून शहाणी झाले.

अपर योसेमिटी फॉलचा माथा वेगळंच प्रकरण आहे, जाऊनयेऊन साडेअकरा किलोमीटर आणि ८०० मीटरहून जास्त चढ, सिंहगडाच्या वारीची सवय असेल तर जमेल, नाहीतर कोलंबिया रॉकपर्यंत जाऊन या, ३०० मीटर चढ, दरी पूर्ण दिसते, आणि अंगात दम असेल तर तिथून अजून थोडं पुढे गेलात की वळणावर अपर फॉल एकदम समोर उभा राहतो.

पौर्णिमा गाठता आली तर एप्रिल ते जूनमध्ये लोअर योसेमिटी फॉलच्या पायथ्याशी रात्री चांदण्यात इंद्रधनुष्य दिसतं. खरंच. चंद्र पाठीमागे, योग्य उंचीवर आणि आकाश स्वच्छ हवं, कुठल्या तारखेला किती वाजता दिसेल त्याची वेळापत्रकं लोक आधीच काढून ठेवतात. डोळ्यांना ते पांढरट कमानीसारखं दिसतं, रंग कॅमेऱ्यात येतात, काही सेकंदांचं एक्स्पोजर लागतं म्हणजे ट्रायपॉड लागतो, आणि लेन्स दर फोटोला पुसावी लागते. ट्रायपॉडवाल्यांची तिथे झुंबड असते, तास आधी जाऊन जागा धरा, बॅटरीचा उजेड कोणाच्या कॅमेऱ्यात मारलात तर चार भाषांत शिव्या ऐकाल.

पाण्यात जायचं नाही

हे वेगळं लिहितेय कारण आपल्याला सवय आहे. भुशी डॅमच्या पायऱ्यांवर बसलेली माणसं आपण, धबधबा दिसला की त्याखाली उभं राहायचं, ओढा दिसला की चपला हातात घेऊन पलीकडे. इथे ते चालत नाही. हे पाणी काही तासांपूर्वी बर्फ होतं. मी पुलाजवळ एका शांत कोपऱ्यात नुसता हात घातला होता, वीस आकडे मोजेपर्यंत बोटं दुखायला लागली. अशा पाण्यात पडलं की पहिल्या धक्क्यानेच श्वास अडकतो, मग हातपाय ऐकत नाहीत, पट्टीचा पोहणारा असून फरक पडत नाही, आणि प्रवाह वरून दिसतो त्यापेक्षा फार जोरात असतो. काठावरचा ग्रॅनाइट पाण्याने घासून घासून गुळगुळीत झालेला, कोरडा असला तरी साबण लावल्यासारखा. २०११ च्या जुलैत तीन जण व्हर्नलच्या माथ्यावर कठडा ओलांडून पाण्याजवळ गेले आणि तिघंही धबधब्यावरून खाली गेले. ते बर्फाचं मोठं वर्ष होतं, म्हणजे जुलै उजाडला तरी पाणी मेसारखंच होतं. माथ्यावरचं एमराल्ड पूल दिसायला इतकं शांत आणि हिरवं असतं ना की कोणालाही वाटेल डुबकी मारावी, तिथे पोहायला बंदी आहे आणि ती उगाच नाही.

शिवाय घड्याळ लक्षात आहे ना? सकाळी एखादा ओढा तुम्ही दगडांवरून टुणटुण ओलांडलात तर संध्याकाळी परत येताना तेच दगड पाण्याखाली असू शकतात. परतीची वाट पुलावरून आहे का हे सकाळीच बघून ठेवा. लहान मुलांचा हात सोडू नका, आणि सेल्फीसाठी मागे मागे सरकणाऱ्या काकांचाही.

खाणं आणि अस्वलं

वसंतात अस्वलं जागी झालेली असतात आणि भुकेली असतात. अंधार पडल्यावर गाडीत खाण्याचा एक कणही ठेवायचा नाही, अस्वल दार वाकवून आत शिरतं. सगळं लोखंडी फूड लॉकरमध्ये. सगळं म्हणजे मेथीचे ठेपले, चिवडा, लोणच्याची बरणी तर आहेच पण टूथपेस्ट, सनस्क्रीन आणि बाबांची खोबरेल तेलाची बाटलीसुद्धा, ज्याला वास आहे ते सगळं. बाबांना हे पटेना, "अस्वल काय तेल लावणारे का?" म्हणून वाद घालत होते, शेवटी रेंजरने स्वतः येऊन हसत हसत बाटली लॉकरमध्ये ठेवायला लावली.

दशम्या आणि सुकी चटणी नेली तर ट्रेलवर उत्तम, सँडविच ओलं होऊन लगदा होतो. थर्मासमध्ये चहा घ्याच. दरीचा तळ १२०० मीटरवर आहे, महाबळेश्वरपेक्षा थोडा खाली, दुपारी टीशर्ट पुरतो पण सूर्य कड्यामागे गेला की पंधरा मिनिटांत स्वेटर शोधावा लागतो, आणि भिजलेले असाल तर दात वाजतात. गाडीत प्रत्येकाचा एक कोरडा जोड, अंतर्वस्त्रांसकट.

आईबाबा दोन वर्षांनी परत आले ते मात्र मी तारखा ठरवून दिल्या तसे, मेच्या दुसऱ्या आठवड्यात. दिवसभर मी मुद्दाम त्यांना लोअर फॉलकडे नेलं नाही. संध्याकाळी साडेसातला नेलं. पुलाच्या शंभर पावलं आधीच समोरून वारा यायला लागला, झाडं टपटपत होती, आणि पुलावर तर बोललेलं ऐकू येत नव्हतं. बाबांनी चष्मा पुसला, परत घातला, परत पुसला, तिसऱ्यांदा पुसून खिशात टाकला आणि तसेच उभे राहिले. आई मागून काहीतरी ओरडत होती, नंतर कळलं की ती स्वेटरचं सांगत होती. तर चष्मेवाल्यांसाठी सुती रुमाल दोन-तीन जास्तीचे ठेवा, आणि ते जॅकेटच्या आतल्या खिशात, बाहेरच्या खिशातले पुलावर पोचेपर्यंतच भिजतात.